कलम सापडतं कुठे?

ऑक्टोबर उजाडला की नगर जिल्ह्यात मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाचा विषय निघतोच. राहुरीचा बाजार असो की श्रीरामपूरचं एसटी स्टँड, मुळा आणि भंडारदरा-निळवंड्याचं पाणी खाली सोडणार का, किती टीएमसी सोडणार आणि तो ‘समन्यायीचा कायदा’ केला कुणी, यावर कडाक्याची चर्चा होते. मोर्चे निघतात, रास्ता रोको होतो. हे सगळं ज्या एका वाक्यावर उभं आहे, ते वाक्य मात्र बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी वाचलेलं असतं. खरं तर वाचायला अडचण काही नाही. ते फुकट आहे, मोबाइलवर आहे आणि लांबीला एका परिच्छेदाएवढं आहे.

‘इंडिया कोड’ हे केंद्र सरकारचं संकेतस्थळ उघडा. राज्यांच्या यादीतून महाराष्ट्र निवडा आणि महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ शोधा. त्यातलं कलम १२, पोटकलम ६, खंड सी. सांगतो ते एवढंच: टंचाईची झळ खोऱ्यातल्या सगळ्यांनी सारखी सोसावी, म्हणून खरिपाचा वापर धरून प्रत्येक धरणातल्या पाण्याची टक्केवारी ऑक्टोबरअखेर साधारण सारखी राहील, अशा बेताने धरणं चालवायची. भंडारदरा नाही, जायकवाडी नाही, नगर नाही, मराठवाडाही नाही. सगळ्या राज्याला लागू असलेला साधा नियम.

मग तो ६५ टक्क्यांचा आकडा कुठून आला? जायकवाडीत १५ ऑक्टोबरला ६५ टक्के उपयुक्त साठा असेल तर वरून पाणी सोडायचं नाही, हे गावोगाव तोंडपाठ आहे. कायद्यात कितीही शोधा, हा आकडा मिळणार नाही. तो आहे प्राधिकरणाच्या १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशात आणि त्या आदेशामागे आहे वरच्या धरणांतून पाणी केव्हा सोडावं हे सुचवणाऱ्या मेंढेगिरी समितीचा अहवाल. आदेश प्राधिकरणाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असतो, इंडिया कोडवर नव्हे. या आदेशाला आणि त्या कलमालाही आव्हान दिलं गेलं. नगर जिल्ह्यातल्या सहकारी साखर कारखान्यांसह अनेक जण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २३ सप्टेंबर २०१६ च्या निकालात न्यायालयाने कलमही टिकवलं आणि आदेशही. हा निकाल आणखी तिसऱ्या ठिकाणी, उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर.

म्हणजे प्रश्न एक, पण त्याचं उत्तर तीन थरांत आणि तीन पत्त्यांवर. कायदा शोधताना लोक अडखळतात ते इथेच. ‘गुगलवर टाकलं, काहीतरी आलं’ यावर थांबणाऱ्याला एकच थर दिसतो. बहुतेक वेळा तोही वर्तमानपत्राच्या बातमीतून गाळून आलेला.

अधिनियमांच्या मूळ मजकुरासाठी इंडिया कोड हा पहिला मुक्काम ठेवावा. केंद्राचे कायदे तिथे आहेत, राज्यांचेही आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी कायद्याखालचे नियम व अधिसूचनाही जोडलेल्या असतात. मराठी मजकूर हवा असेल तर राज्याच्या विधी व न्याय विभागाचं संकेतस्थळ पाहावं. मराठी प्रत म्हणजे दुय्यम प्रत, असा समज वकिलांतही आढळतो, तो सरसकट खरा नाही. केंद्रीय कायद्याचा प्रादेशिक भाषेतला अनुवाद राष्ट्रपतींच्या अधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झाला, तर १९७३ च्या एका केंद्रीय कायद्यानुसार तोही त्या भाषेतला प्राधिकृत पाठ ठरतो. असा अनुवाद करणाऱ्या आपल्या भाषा संचालनालयाने न्याय व्यवहार कोशही तयार केला आहे. ‘पुनरीक्षण’ म्हणजे काय आणि ‘पुनर्विलोकन’ म्हणजे काय, असा घोळ झाला की तो उघडावा. राजपत्राचं म्हणाल, तर केंद्राने १ ऑक्टोबर २०१५ पासून ते छापणंच थांबवलं. आता ई-राजपत्र हेच अस्सल राजपत्र.

शोधणाऱ्याला सगळ्यात जास्त चकवतात ती नावं. राज्यातल्या कितीतरी जुन्या कायद्यांची सुरुवात ‘मुंबई’ या शब्दाने व्हायची: मुंबई पोलीस अधिनियम, मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम. २०१२ साली राज्याने एका फटक्यात या नावांतल्या मुंबईच्या जागी महाराष्ट्र आणलं. कायदा तोच, कलमं तीच, पाटी नवी. पण त्याआधीच्या प्रत्येक निकालात जुनंच नाव आहे, आणि ते निकाल कुणी बदललेले नाहीत. नव्या नावाने शोधाल तर पन्नास-साठ वर्षांची न्यायालयीन चर्चा तुमच्या हाती लागणारच नाही.

याचं फार बोलकं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापूरला चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून जानेवारी २०१६ मध्ये आंदोलन पेटलं, तेव्हा दूरदर्शन वाहिन्यांवर परंपरा विरुद्ध समता असा वाद रंगला. वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या गावीही नव्हतं की या विषयावर राज्यात १९५६ पासून कायदाच आहे. हिंदू सार्वजनिक पूजास्थळांत हिंदूंच्या सर्व वर्गांना प्रवेश खुला करणारा, आणि कुणी अडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद असणारा. तोही मूळचा ‘मुंबई’ नावाचाच कायदा. सामाजिक कार्यकर्त्या विद्या बाळ आणि ज्येष्ठ वकील नीलिमा वर्तक यांनी जनहित याचिका केली ती याच कायद्याच्या आधारे. १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारला त्याची अंमलबजावणी करायला सांगितलं आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा स्त्रियांना खुला झाला. नवा कायदा कुणी केला नाही. साठ वर्षं पुस्तकात पडून असलेलं एक कलम कुणीतरी शोधून वाचलं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोठं काम त्या वाचनानेच केलं.

जिल्ह्याचं नावही आता बदललं आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. त्यामुळे शासन निर्णय, निकाल किंवा अधिसूचना शोधताना दोन्ही नावं टाकून पाहायला हवीत. इंग्रजी निकालांत तर जुन्या नावाचीही दोन स्पेलिंगं आहेत, एकात ‘मेद’ आणि एकात ‘मद’. यंत्राला हे सगळे वेगवेगळे जिल्हे वाटतात.

नाव सापडलं, मजकूर सापडला, आता तारीख. कायद्याच्या नावातलं वर्ष आणि तो लागू झाल्याचं वर्ष एकच असतं असं नाही. बोअरवेलच्या खोलीपासून पाणलोटापर्यंत ज्या कायद्याचा संबंध येतो, तो महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम नावाने २००९ चा आहे. राष्ट्रपतींची संमती मिळायला २०१३ उजाडलं आणि अंमल सुरू झाला १ जून २०१४ ला. (आपल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली ती त्याच्या कितीतरी आधी, ग्रामसभेत ठराव करून. असा ठराव कुठल्याही संकेतस्थळावर मिळणार नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीचं दप्तरच उघडावं लागेल.) आणि कधीकधी कायदा लागू होतो, पण त्यातलं एखादं पोटकलम मागे ठेवलं जातं. अपघात करून, पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा सांगणारं भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(२) आठवा. ट्रकचालकांनी त्यावरून जानेवारी २०२४ मध्ये चाकं थांबवली होती. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, पण अधिसूचनेत हे पोटकलम वगळलं होतं. छापील पुस्तकात ते दिमाखाने बसलेलं आहे. म्हणून कायदा वाचताना ‘अंमल केव्हापासून’ ही अधिसूचना आणि तळटीपेतल्या दुरुस्त्या पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

गुन्ह्याची तारीखही तितकीच महत्त्वाची. मुळेच्या पात्रातून वाळू जून २०२४ मध्ये चोरली असेल तर चोरीचं कलम भारतीय दंड संहितेचं ३७९. जुलैत चोरली असेल तर न्याय संहितेचं ३०३. दंड संहिता रद्द झाली म्हणून तिच्या काळातले खटले हवेत विरत नाहीत, त्यामुळे जुनी पुस्तकं रद्दीत घालायची घाई कुणी करू नये. शिवाय वाळूच्या प्रकरणात महसूल खाते दंड ठोकतं ते वेगळ्याच कायद्याने, जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ खाली.

आता जागा. नगर जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतो, मराठवाड्याबरोबर. त्यामुळे पाथर्डीच्या शेतकऱ्याला शोधात शेजारच्या बीडच्या जमिनीचा निकाल सापडतो, न्यायालय तेच, विषयही कुळाचाच, आणि त्याला वाटतं, आपलं काम झालं. पण नगर हा जुन्या मुंबई इलाख्यातला जिल्हा, इथे १९४८ चा कूळ कायदा. बीड निजामाच्या राज्यातलं, तिथे १९५० चा हैदराबाद कूळ कायदा. निजामाची हद्द पुसली जाऊन इतकी वर्षं झाली, कुळाच्या दाव्यात ती अजून जिवंत आहे. कलमांचे क्रमांक वेगळे, मुदती वेगळ्या. निकाल वाचताना पहिल्या दोन पानांत कोणता कायदा आहे, हे पाहायचं ते यासाठी.

एकाच कचेरीत, एकाच तक्रारीसाठी दोन कायदे असण्याचाही अनुभव शेतकऱ्याला येतो. शेतरस्त्याचं भांडण घ्या. पूर्वापार वहिवाटीचा रस्ता कुणी नांगरून टाकला, काट्या लावल्या, तर लागू होतो मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. रस्ताच नाही, बांधावरून नव्याने हवा आहे, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम १४३. दोन्ही अर्ज तहसीलदारांपुढेच जातात, म्हणून अर्ज लिहून देणाराही पुष्कळदा दोन्ही कलमं एकत्र ठोकून देतो. पण मामलेदार कायद्यात अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे आणि निकालावर अपील नाही, पुनरीक्षण आहे. १४३ चं तसं नाही. तिथे नाराज पक्षाला वर्षाच्या आत दिवाणी दावाही लावता येतो. मुदत हुकल्यावर खरं बोलणाऱ्याचंही प्रकरण फेटाळलं जातं. ही दोन कलमं मिळून दोन-तीन पानांची असतील. रस्त्याच्या वादात उतरण्याआधी ती वाचायला अर्धा तास पुरतो. न वाचता लढलं तर काही वर्षं जातात.

निकालांची गोष्ट निराळी. कायदा थोडा असतो, निकाल अफाट. स्वतःचं प्रकरण पाहायचं तर ‘ई-कोर्ट्‌स’चं ॲप पुरे. प्रत्येक दाव्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. नगर जिल्ह्यातल्या न्यायालयांचे क्रमांक ‘एमएचएएच’ने सुरू होतात. पुढची तारीख, झालेले हुकूम, सगळं त्यावर दिसतं. निव्वळ तारीख कळावी म्हणून जामखेडहून नगरला हेलपाटा घालण्याचे दिवस त्याने संपवले. सर्वोच्च न्यायालयाचे १९५० पासूनचे अधिकृत निकालसंग्रह जानेवारी २०२३ पासून ‘ई-एससीआर’वर सगळ्यांना मोफत खुले आहेत. काही निकालांचे मराठी अनुवादही न्यायालय देतं, पण ते समजून घेण्यापुरते; अंमलाच्या दृष्टीने इंग्रजी मजकूरच प्रमाण. उच्च न्यायालयांनी आता निकालांना स्वतःचे क्रमांक द्यायला सुरुवात केली आहे. ‘बीएचसी’ म्हणजे मुंबई उच्च न्यायालय आणि पुढे ‘एयूजी’ दिसलं की निकाल औरंगाबाद खंडपीठाचा. शेवटी ‘डीबी’ असेल तर दोन न्यायमूर्तींचा. एकल न्यायमूर्तींच्या निकालापेक्षा दोघांचा वरचढ, दोघांपेक्षा पूर्णपीठाचा, आणि सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा संविधानाच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे सगळ्यांवर बंधनकारक.

शब्द टाकून शोधायचं असेल तर ‘इंडियन कानून’ला तोड नाही. २००८ च्या जानेवारीत सुशांत सिन्हा या संगणक अभियंत्याने ते सुरू केलं. निकालात उल्लेख झालेल्या कलमांना आणि इतर निकालांना यंत्राकडूनच दुवे जोडायचे, ही त्याची युक्ती. तोवर असा शोध घेणं म्हणजे खासगी प्रकाशकांच्या महागड्या ग्रंथमाला किंवा सीडी विकत घेणं, जे तालुक्याच्या वकिलाला परवडत नसे. माझा एक आक्षेप आहे: तिथला कायद्यांचा मजकूर पुष्कळदा जुना असतो. निकाल तिथे शोधावेत, कलम मात्र इंडिया कोडवरच वाचावं.

निकाल असे फुकट वाटता येतात का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातच सुटला, आणि त्यात एक मराठी नाव आहे. लखनौची ईस्टर्न बुक कंपनी आणि डी. बी. मोडक यांच्यातल्या खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की निकालाचा मजकूर कुणा प्रकाशकाच्या मालकीचा नाही. प्रकाशकाने स्वतः बुद्धी खर्चून घातलेली भर, जसं परिच्छेदांची मांडणी, तेवढ्यापुरता त्याचा हक्क. कॉपीराइट कायद्यातही राजपत्रातल्या मजकुराला आणि निकालांना तशी सवलत आहेच.

याच्याही मागे एक जुना आणि अधिक मूलभूत निकाल आहे. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये अफूबाबत एक कायदा केला आणि तो कधी प्रसिद्धच केला नाही. त्याखाली हरला नावाच्या माणसाला पन्नास रुपये दंड झाला. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दंड रद्द केला. जो कायदा लोकांना कळायची सोयच नव्हती, त्याच्यासाठी लोकांना शिक्षा करणं न्यायाला धरून नाही, असा त्याचा आशय. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते विव्हियन बोस, आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. कायद्याचं अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. मग तो कायदा लोकांपुढे ठेवण्याची जबाबदारी सरकारवर येते, ही दुसरी बाजू बोस यांनी सांगितली, आणि ती कुणी सांगत नाही.

राहिले शासन निर्णय. कचेरीत रोजचा व्यवहार चालतो तो कायद्यापेक्षा जीआरवर. ते शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात आणि प्रत्येकावर अठरा आकडी संकेतांक असतो. त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. कुणी ‘असा जीआर आहे’ म्हणून सांगितलं की संकेतांक मागावा. दोन मिनिटांत खरंखोटं होतं. आणि जीआर कायद्याच्या विरुद्ध जात असेल तर कायदाच वरचढ, हे कागदावर तरी निर्विवाद आहे.

परिपत्रकं मात्र बऱ्याचदा कुठेच सापडत नाहीत. तिथे उपयोगी पडतो तो माहितीचा अधिकार, ज्याची महाराष्ट्रातली लढाई पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीहून लढली गेली. अण्णा हजारे ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले आणि त्याच सुमारास राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पुढे २००५ चा केंद्रीय कायदा आला आणि राज्याचा मागे पडला. केंद्रीय कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयाने आपण वापरतो ते नियम, सूचना, नियमपुस्तिका स्वतःहून प्रसिद्ध करायच्या आहेत, कुणी मागण्याची वाट न पाहता. केल्या नसतील तर दहा रुपयांचा अर्ज. राज्याच्या ऑनलाइन सुविधेवरून तो घरबसल्याही करता येतो. एक विषय, दीडशे शब्द; यापेक्षा पाल्हाळ चालत नाही.

बाहेरच्या जगाशी तुलना केली तर आपण फार मागे नाही, पण एका बाबतीत आहोत. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने १९९२ मध्येच कायदे इंटरनेटवर मोफत ठेवले, ऑस्ट्रेलियात १९९५ मध्ये ऑस्टलीआय उभं राहिलं. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळावर अनेक कायद्यांचा मजकूर अमुक तारखेला कसा होता, हे तारीख निवडून पाहता येतं. आपल्याकडे तळटीपा जुळवत बसावं लागतं. इंडिया कोडने ही एक सोय केली तर वकिलांचे आणि न्यायाधीशांचेही कितीतरी तास वाचतील.

हल्ली सगळं एआयला विचारायची पद्धत पडली आहे. कायदा सोप्या मराठीत समजून घ्यायला त्याचा उपयोग जरूर करावा. निकालाचा दाखला मात्र त्याच्या तोंडावर विसंबून देऊ नये. न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात दाखल केले. जून २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना आणि त्यांच्या फर्मला पाच हजार डॉलर दंड केला. निकालाचा क्रमांक न्यायालयाच्याच संकेतस्थळावर टाकून पाहिला असता तरी ते वाचले असते.

मोबाइलवर वाचलेली प्रत न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, तिथे नकलेचा अर्ज करून प्रमाणित प्रत घ्यावीच लागते. आणि कलम सापडलं म्हणजे खटला लढता येईल असंही नाही. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. त्यासाठी नगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा किंवा १५१०० वर फोन करा. जाताना शोधलेल्या कलमाची छापील प्रत आणि सातबारा सोबत न्या.